फेंगडे पाय : वाट किती पाहावी, तपासणी केव्हा करावी?

मूल पहिली पावले टाकू लागले की घरातील वडीलधाऱ्यांची नजर आपोआप त्याच्या पायांकडे जाते. घोटे जुळवून उभे केले तरी गुडघे दूरच राहतात, दोन्ही पायांमध्ये कमान दिसते, आणि मूल बदकासारखे डुलत चालते. अशा पायांना आपण फेंगडे पाय म्हणतो. मग घरात दोन मते पडतात. ‘मोठे झाल्यावर होतील सरळ,’ असे एक मत. ‘आत्ताच काहीतरी करायला हवे,’ असे दुसरे. ही दोन्ही मते आपापल्या जागी खरी आहेत. कोणत्या मुलाला कोणते मत लागू पडते, हे मुलाचे वय, कमानीचा कल आणि सोबतची लक्षणे यांवरून ठरते. ते ओळखता आले, तर बहुतेक घरांची काळजी मिटेल, आणि ज्या थोड्या मुलांना खरोखर उपचार हवे आहेत त्यांचे मोलाचे महिने वाया जाणार नाहीत.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, त्वरितादेवीच्या तलवाड्याच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या काळात कित्येक मुले आजी-आजोबांच्या सांभाळात असतात. पायांच्या वाढीवर लक्ष ठेवायचे असते ते नेमके अशाच महिन्यांत. म्हणून हा लेख मुख्यतः आजी-आजोबांसाठी आहे.

निसर्गक्रम काय सांगतो?

गर्भाशयात बाळ पाय दुमडून बसलेले असते. त्यामुळे जन्मतः प्रत्येक मुलाचे पाय थोडे बाहेर वाकलेले असतात. हे वैगुण्य नव्हे. मूल उभे राहू लागल्यावर ही कमान अधिक नजरेत भरते, आणि साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पाय सरळ होतात. मग गंमत अशी, की पाय उलट दिशेला झुकू लागतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे दूर राहतात. हेही स्वाभाविकच. सात-आठ वर्षांपर्यंत पायांना मोठ्या माणसाच्या पायांसारखा आकार येतो.

याचा अर्थ असा, की दीड वर्षाच्या मुलाचे दोन्ही पाय सारखेच वाकलेले असतील, मूल खेळते-धावते असेल, त्याची उंची व वजन वयानुसार वाढत असेल, तर बहुधा कोणत्याही औषधाची, पट्ट्याची वा विशेष बुटांची गरज नसते. मात्र दोन वर्षांनंतरही कमान कमी होत नसेल, किंवा तीन वर्षांच्या मुलाचे पाय बाहेरच वाकलेले असतील, तर त्याला ‘निसर्गक्रम’ म्हणून सोडून देता येत नाही.

कशामुळे वाकतात, कशामुळे नाही?

कडेवर घेतल्याने पाय फेंगडे होतात, ही समजूत सर्वत्र आहे. तिला आधार नाही. उलट पाय फाकवून कडेवर बसवणे खुब्याच्या सांध्याला पोषकच असते. लंगोट वा डायपर यांनीही हाडे वाकत नाहीत. न्हाऊ घालताना पाय ओढून सरळ करणे किंवा फडक्याने दोन्ही पाय जुळवून घट्ट बांधणे यांमुळे मात्र फायदा काही होत नाही आणि अपाय होऊ शकतो. तान्ह्या बाळाचे पाय सरळ बांधून ठेवल्यास खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका वाढतो, आणि हाडे आधीच कमकुवत असतील तर जोराच्या दाबाने मोडूही शकतात. हलक्या हाताने तेल लावणे मात्र चांगलेच. त्याने बाळ सुखावते, त्याला झोप लागते. पण तेलाने हाड सरळ होत नाही, हे लक्षात असावे.

‘माझे पाय वाकले, तसेच नातवाचेही,’ असे काही आजी म्हणतात. उतारवयात गुडघ्याच्या आतील बाजूची कूर्चा झिजते आणि पाय बाहेर झुकतात. हा झिजेचा संधिवात होय. नातवाच्या पायांचे कारण त्याहून अगदी वेगळे असते. मात्र दोहोंत एक दुवा आहे. बालपणी सरळ न झालेला पाय गुडघ्याच्या एकाच बाजूवर आयुष्यभर भार टाकत राहतो, आणि अशा गुडघ्याची झीज लवकर होऊ शकते. आज मुलाकडे लक्ष दिले, तर त्याच्या चाळिशी-पन्नाशीतील गुडघे वाचतात.

मुडदूस : सर्वांत महत्त्वाचे कारण

निसर्गक्रमाबाहेरच्या फेंगड्या पायांमागे आपल्याकडे सर्वांत आधी शोधायचे कारण म्हणजे मुडदूस. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाडाची लांबी तेथे वाढते. या थरात चुनखत म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस साठले की तो कठीण होऊन त्याचे हाड बनते. ‘ड’ जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम अपुरे पडले तर हा थर मऊच राहतो, रुंदावतो, आणि चालत्या मुलाच्या भाराने पाय वाकतात. ओल्या मडक्यावर भार ठेवला तर ते बसते, तसाच हा प्रकार.

मुडदूस केवळ पायांत दिसत नाही. मनगटे जाड दिसतात. छातीच्या फासळ्यांवर मण्यांच्या माळेसारखे उंचवटे हाताला लागतात. टाळू भरायला उशीर होतो, दात उशिरा येतात, मूल उशिरा चालू लागते, लवकर थकते, किरकिर करते. पायांच्या कमानीबरोबर यांतील काहीही दिसले, तर वयाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

एवढे ऊन असलेल्या देशात ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसे पडते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्या नाशिकमध्येच मिळाले होते. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिक परिसरातील मुडदुसाचा अभ्यास करून तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या घरांतील, दिवसेंदिवस अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची बाळे यांच्यात मुडदूस त्यांना आढळला. खाण्यापिण्याची ददात असूनही उन्हात राबणाऱ्या गरीब कुटुंबांत मात्र तो क्वचितच दिसला. म्हणजे ऊन देशात असून भागत नाही. ते कातडीपर्यंत पोहोचावे लागते. आज पडदा कमी झाला असला, तरी घरात बसलेले, पूर्ण कपड्यांत गुंडाळलेले, दूरचित्रवाणी वा मोबाइलपुढे दिवस काढणारे मूल त्याच अवस्थेत असते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १ ते ४ वर्षे वयाच्या सुमारे १४ टक्के बालकांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली.

दुसरे उत्तर ताटात आहे. ऊन भरपूर मिळूनही आहारात कॅल्शियम अगदीच कमी असेल, तर केवळ त्या कारणानेही मुडदूस होतो. दूध बंद होऊन मूल नुसत्या भाकरी-वरणावर किंवा चहा-बिस्किटांवर आले की हा धोका वाढतो. धान्यांच्या कोंड्यातील काही घटक अन्नातील कॅल्शियम शोषू देत नाहीत, त्यामुळे एकसुरी आहाराचा तोटा दुप्पट होतो.

इतर कारणे

काही मुलांत मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जातो आणि मुडदूस नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. हा विकार बहुधा अनुवंशिक असतो, आणि घरात आई वा वडील बुटके व वाकलेल्या पायांचे असतील तर त्याची शंका घ्यावी. मूत्रपिंडाचे जुने आजार आणि फेफऱ्यावरील काही औषधे यांमुळेही हाडे मऊ होतात. फेफऱ्याचे औषध मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

ब्लाउंटचा आजार हे आणखी एक कारण. यात नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाची आतील बाजू वाढायची थांबते आणि बाहेरची वाढत राहते, त्यामुळे पाय गुडघ्याच्या लगेच खाली वाकतो. वजनाने भारी आणि फार लवकर चालू लागलेल्या मुलांत तो अधिक दिसतो. चालताना प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर झटका खाल्ल्यासारखा जातो. हा आजार वाट पाहून बरा होत नाही, वाढतच जातो.

एकच पाय वाकला असेल, तर पूर्वी झालेले हाडाचे दुखणे, जंतुसंसर्ग वा अपघात आठवून पाहावा. वाढीचा थर एका बाजूने दुखावला गेला असेल तर असे घडते.

पिण्याचे पाणी हेही तपासण्याजोगे कारण आहे. मराठवाडा व विदर्भातील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. आहारात कॅल्शियम कमी आणि पाण्यात फ्लोराइड जास्त अशी जोडी जमली, तर वाढत्या मुलांचे पाय आत वा बाहेर वाकतात. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमच्या वर ते कधीच नसावे, असे भारतीय मानक सांगते. एकाच वस्तीतील अनेक मुलांचे दात पिवळे-तपकिरी डागाळलेले असतील, तर ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची तपासणी करून घ्यावी. उकळल्याने फ्लोराइड कमी होत नाही.

घरी मोजमाप कसे ठेवावे?

मुलाला सपाट सतरंजीवर उताणे निजवावे. गुडघे सरळ आणि गुडघ्याच्या वाट्या आढ्याकडे असाव्यात. दोन्ही घोटे हलकेच जुळवावेत, जोर लावू नये. मग दोन गुडघ्यांच्या आतील बाजूंमधले अंतर शिवणाच्या टेपने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. दर तीन महिन्यांनी हेच करावे. जमल्यास समोरून एक छायाचित्र काढून मुलाच्या आई-वडिलांना पाठवावे. डॉक्टरांना या नोंदींचा फार उपयोग होतो, कारण एका दिवसाच्या मापापेक्षा अंतर वाढते आहे की घटते आहे हे अधिक बोलके असते.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास थांबू नये :

• गुडघ्यांमधील अंतर सुमारे ६ सेंटिमीटरहून अधिक असणे किंवा मापागणिक वाढत जाणे
• दोन वर्षांनंतरही कमान कमी न होणे
• एकच पाय वाकणे किंवा एक पाय दुसऱ्याहून बराच जास्त वाकणे
• मुलाची उंची वयाच्या मानाने कमी असणे
• पाय दुखणे, लंगडणे, वारंवार पडणे
• मनगटे जाड दिसणे, दात वा चालणे उशिरा येणे
• घरात कोणाला असाच विकार असणे

तपासणी आणि औषधोपचार

डॉक्टर मुलाला चालवून पाहतात, उंची-वजन घेतात आणि गरज वाटल्यास मनगट व गुडघ्याची क्ष-किरण तपासणी करतात. मुडदूस असेल तर हाडांची टोके पेल्यासारखी खोलगट आणि विस्कटलेली दिसतात. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ‘ड’ जीवनसत्त्व पाहिले जाते. या तपासण्यांमुळे साधा मुडदूस कोणता आणि मूत्रपिंडाशी निगडित कोणता, हे कळते. दोहोंचे उपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे.

साध्या मुडदुसाचा उपचार स्वस्त आणि परिणामकारक आहे. डॉक्टर वयानुसार ‘ड’ जीवनसत्त्वाची मात्रा किमान तीन महिने देतात आणि त्याबरोबर कॅल्शियमही देतात. काही आठवड्यांत क्ष-किरण चित्रात सुधारणा दिसू लागते. हाड भरून आले की वाढीबरोबर पायही हळूहळू सरळ होतात. लहान वयात उपचार सुरू झाले तर अनेक मुलांना शस्त्रक्रिया लागतच नाही. मात्र त्यासाठी वर्ष-दोन वर्षांचा धीर हवा, आणि औषध मध्येच सोडता कामा नये.

येथे आजी-आजोबांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या औषधांच्या डब्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी वा गोळी असते. ती नातवंडाला आपल्या मनाने देऊ नये. तान्ह्या बाळाची रोजची मात्रा ४०० एकक असते. म्हणजे त्या एका पुडीत त्याची दीडशे दिवसांची मात्रा असते. अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बाळाच्या थेंबांच्या बाटल्यांतही औषधाचे प्रमाण कमी-जास्त असते, म्हणून बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारून घ्यावी. कॅल्शियम मिळावे म्हणून पानाचा चुना चाटवण्याचा प्रयोगही करू नये. त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

पट्टे आणि शस्त्रक्रिया

बाजारात मिळणाऱ्या ‘पाय सरळ करणाऱ्या’ बुटांनी फेंगडे पाय सरळ होत नाहीत. ब्लाउंटच्या आजारात तीन वर्षांच्या आतील काही मुलांना मांडीपासून पावलापर्यंतचा आधारपट्टा दिला जातो. त्याने सुधारणा झाली नाही, तर साधारण चार वर्षांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास निष्पत्ती चांगली येते.

वाढीचे वय शिल्लक असलेल्या मुलांत आता एक लहान शस्त्रक्रिया बरीच प्रचलित आहे. वाढीच्या थराच्या बाहेरच्या बाजूला दोन स्क्रूंची छोटी पट्टी बसवतात. त्या बाजूची वाढ रोखली जाते, आतील बाजू वाढत राहते, आणि पाय स्वतःच्याच वाढीने सरळ होतो. मूल थोड्याच दिवसांत चालू लागते. पण दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि पाय सरळ होताच पट्टी काढणे, ही यातली अट आहे. ती चुकली तर पाय सरळ होऊन उलट बाजूला वाकू लागतो. आई-वडील तोडणीवर असताना तारीख उलटून जाण्याची भीती असते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच पुढच्या तारखा विचारून घ्याव्यात, आणि मुलाला कोण नेणार हे घरात ठरवावे.

वाढ संपत आली असेल किंवा वाकडेपणा फार असेल, तर हाड कापून सरळ करावे लागते आणि ते पट्टीने वा बाहेरच्या कड्यांच्या चौकटीने स्थिर ठेवतात. मुडदूस पूर्ण भरून येण्यापूर्वी मात्र सहसा अशी शस्त्रक्रिया करत नाहीत. हाड मऊ असताना सरळ केलेला पाय पुन्हा वाकतो.

ऊन, ताट आणि थेंब

सकाळचे कोवळे ऊन सुखद असते, परंतु ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फार कमी असतात. सोपी खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की ते किरण पुरेसे असतात. पौषात ही वेळ भर दुपारीच येते, तर चैत्र-वैशाखात सकाळी साडेनऊच्या सुमारासच. म्हणून उन्हाळ्यात दुपारच्या झळांत मुलाला नेण्याचे कारण नाही. हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे खेळू द्यावे. काचेआडच्या उन्हाचा उपयोग होत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला कडक उन्हात ठेवू नये. त्याच्यासाठी थेंबच योग्य.

आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही, पण त्यात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असते. म्हणून पहिल्या वर्षी रोज ४०० एककांचे थेंब देण्याची शिफारस बालरोगतज्ज्ञ करतात. अंगावरचे दूध थांबवायचे नाही, थेंबांची जोड द्यायची.

१ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. दोनशे मिलिलिटर दुधातून त्यातले जवळजवळ निम्मे मिळते. दही, ताक, कुटलेले तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला आणि मिळेल तेथे नाचणी यांनी उरलेले भरून काढता येते. कपभर चहाच्या जागी कपभर दूध, एवढा बदलही मोठा आहे.

कोठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांची मोफत तपासणी करते. मुडदूस ही त्यांच्या तपासणी-यादीतील एक बाब आहे. पथक येईल त्या दिवशी मूल अंगणवाडीत असेल, आणि आपली मापांची वहीही सोबत असेल, याची काळजी घ्यावी. पथकाची वाट न पाहताही आशाताईंना वा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येते. तेथून गरजेप्रमाणे बीडच्या जिल्हा रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवतात. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवावे.

तोडणीला निघण्यापूर्वी कुटुंबाने मुलाची फाइल, क्ष-किरण चित्रे, औषधांची चिठ्ठी आणि पुढील तपासणीच्या तारखा आजी-आजोबांकडे द्याव्यात. मूल सोबत जाणार असेल, तर कागदांच्या प्रती आणि पुरेसे औषध बरोबर घ्यावे. मुलाचे हाड वाढायचे थांबेपर्यंतच त्याला सहज वळण देता येते. बहुतेक मुलांत ते वळण निसर्ग देतो. ज्यांना मदत लागते, त्यांची वेळ टळू न देणे एवढेच घरातील मोठ्यांच्या हाती असते, आणि त्यासाठी एक टेप, एक वही आणि दिनदर्शिकेवरची एक खूण पुरेशी आहे.